इंदूर–ग्वाल्हेर विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत आमचं तिकिटांचं छोटं दुकान आहे. इथल्या मराठी घरांतून एक बातमी हमखास ऐकू येते: मुलगी लष्करला (ग्वाल्हेरचाच एक भाग) दिली, नाहीतर सून लष्करची आणली. होळकरांच्या गावात माहेर आणि शिंद्यांच्या गावात सासर म्हटल्यावर येणं-जाणं आलंच, आणि येणं-जाणं आलं की आम्हाला फोन आलाच. तेच तेच प्रश्न सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचे लिहून काढले. शेजारचे दोन-चार प्रश्नही यात आलेत, कारण लोक ते त्याच फोनवर विचारतात.

इंदूर ते ग्वाल्हेर विमानाने नेमकं अंतर किती?

सुमारे ४६५ किलोमीटर. विमानवाल्यांच्या भाषेत साधारण २५१ सागरी मैल, आणि आपल्या जुन्या मैलांत २८९. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आणि ग्वाल्हेरचा राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळ यांच्यामध्ये पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर त्या दोऱ्याची ही लांबी. इंदूरच्या राजवाड्यापासून ग्वाल्हेरच्या महाराजवाड्यापर्यंतची नव्हे.

कुठे ४६० तर कुठे ४७० वाचाल. कुणी शहराच्या मधोमध टाचणी टोचतं, कुणी विमानतळावर. तेवढ्यावरून भांडू नका.

मग मोबाइल पाचशे का दाखवतो?

तो रस्त्याचा आकडा. आग्रा–मुंबई रस्ता, आपला ए.बी. रोड, देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेरला जातो आणि पाचशेच्या आसपास भरतो. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर जास्त. एवढा सरळ रस्ता क्वचित सापडतो. माळव्याच्या पठारावरून तो फारसे आढेवेढे न घेता जातो. याउलट इंदूर–वडोदरा बघा. हवाई अंतर २६८ किलोमीटर, पण धार, झाबुआ, दाहोद, गोध्र्यावरून रस्त्याने निघालात तर साडेतीनशेच्या आत-बाहेर. मधल्या डोंगराळ मुलखाची ती वसुली.

त्यामुळे हवाई अंतर कमी दिसलं म्हणून विमान फायद्याचंच, असं नसतं. कुठला आकडा कशासाठी, ते आधी ठरवायचं. टाकीत किती डिझेल भरायचं ते ४६५ वरून ठरवाल तर शिवपुरीच्या पुढे ढकलत जावं लागेल.

प्रत्यक्ष उडायला वेळ किती लागतो?

विमान कुठलं, यावर आहे. या मार्गासारख्या छोट्या पल्ल्यांवर बहुधा एटीआर ७२ जातीचं पंख्याचं विमान असतं. सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनं, वेग ताशी जास्तीत जास्त ५१० किलोमीटर. पाचशेचा वेग धरला तर ४६५ किलोमीटरला छप्पन्न मिनिटं होतात. पण विमान उडाल्या उडाल्या पाचशेचा वेग पकडत नाही. वर चढताना हळू, उतरताना हळू, रांगेत थांबावं लागलं तर आणखी हळू. म्हणून चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत तास-सव्वा तास धरा.

एअरबस ए-३२० सारखं जेट असेल तर त्याचा वेग आठशेच्या पुढे. गणिताने ३४ मिनिटं यायला हवीत, येत नाहीत. वर पोचून जरा सरळ झालं की खाली यायची तयारी सुरू होते. हवेत पाऊण तास किंवा थोडं जास्त जातंच. म्हणजे दीडपटीहून जास्त वेग आणि वाचतात फक्त पंधरा-वीस मिनिटं. ‘पंख्याचं आहे, नको’ म्हणणाऱ्यांना मी हाच हिशेब सांगतो.

तिकिटावर तर सव्वा तास, कधी दीड तासही लिहिलेला असतो. कुणाचं खरं?

दोघांचंही. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: विमान इंदूरच्या जागेवरून हललं तिथपासून ग्वाल्हेरच्या जागेवर थांबलं तिथपर्यंत. धावपट्टीकडे रखडत जाणं, तिथे थांबणं, उतरल्यावर परत रखडत येणं, सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय कंपन्या थोडी ढील ठेवतात, म्हणजे दहा मिनिटं उशिरा निघूनही ‘वेळेवर पोचलो’ अशी घोषणा करता येते. मागे आमचे एक काका ‘आपण वीस मिनिटं लवकर आलो’ म्हणून इतके खूश होते की त्यांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

जाताना कमी वेळ आणि येताना जास्त, असं का होतं?

वाऱ्यामुळे. ग्वाल्हेर इंदूरच्या थेट उत्तरेला नाही, उत्तरेकडून पूर्वेला साधारण ३२ अंश कललेलं आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. तो जाताना पाठीशी लागतो आणि येताना छातीवर येतो. वारा ताशी शंभर किलोमीटरचा धरा. तो तिरपा असल्यामुळे त्यातला निम्माच, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, आपल्या दिशेने कामी येतो. मग एटीआर जाताना साडेपाचशेच्या वेगाने पन्नास-एक्कावन्न मिनिटांत अंतर कापेल, येताना साडेचारशेच्या वेगाने त्यालाच बासष्ट मिनिटं लागतील. अंतर तेच, फरक दहा-अकरा मिनिटांचा.

दुसरं कारण धावपट्टीचं. इंदूरच्या धावपट्टीला एका टोकाने ०७ आणि दुसऱ्या टोकाने २५ म्हणतात, म्हणजे होकायंत्रावरचे ७० आणि २५० अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. वारा पूर्वेचा असेल तर उडालं ते जवळजवळ ग्वाल्हेरच्याच दिशेला. पश्चिमेचा असेल तर आधी धारच्या बाजूला जायचं आणि मग वळसा घालून मागे फिरायचं. त्या वळशात चार-पाच मिनिटं सहज जातात. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, पायलट रस्ता चुकला.

थेट विमान नसेल तर दिल्लीवरून जावं का?

जाता येतं, पण आकडे ऐका. इंदूर–दिल्ली हवाई अंतर सुमारे ६६० किलोमीटर, दिल्ली–ग्वाल्हेर सुमारे २७५. बेरीज ९३५. म्हणजे ४६५ च्या जागी दुप्पट, तेही ग्वाल्हेरच्या अक्षांशाच्या वर अडीचशे किलोमीटर जाऊन परत खाली. कान पकडायला हात डोक्यामागून फिरवायचा. त्यात दिल्लीला दोन विमानांच्या मध्ये किमान दोन तास हवेत, आणि टर्मिनल बदलत असेल तर तीन. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तरच हा मार्ग घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही घेणं-देणं नसतं.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा रात्रीची गाडी बरी, असं माझं मत. तिकिटात माझं कमिशन कमी होतं, तरी सांगतो.

वेळापत्रक सारखं बदलतं. कधी बघावं?

विमानांची दोन वेळापत्रकं असतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. छोट्या गावांच्या फेऱ्या याच सुमाराला सुरू होतात, बंद होतात, किंवा रोजच्या असतील तर आठवड्यातून चार दिवसांवर येतात. लग्नाची तारीख नोव्हेंबरातली असेल आणि तुम्ही जुलैत वेळ बघून ठेवली असेल, तर ऑक्टोबरअखेरीस पुन्हा एकदा बघा. आजोबांनी डायरीत लिहून ठेवलेली वेळ खरी धरू नका.

घरून निघून घरी पोचायला एकूण किती?

लोकांना खरं तर हेच विचारायचं असतं, पण विचारतात अंतर.

रामबागेतून बडा गणपतीवरून बिजासनजवळच्या विमानतळाला अर्धा-पाऊण तास. संध्याकाळी राजवाड्याकडून वरात निघाली असेल तर देवाचं नाव घ्या. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. बहुतेक कंपन्यांचं सामान घेण्याचं काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि तिथे ओळखपाळख चालत नाही. मग सव्वा तासाचं विमान. उतरल्यावर बॅग हाती यायला पंधरा-वीस मिनिटं. ग्वाल्हेरचा विमानतळ महाराजपुऱ्याला, भिंडच्या रस्त्यावर. तिथून गोला का मंदिरावरून लष्करला पोचायला पाऊण तास धरा. बेरीज पाच तासांच्या आसपास. त्यात हवेतला एकच.

गाडीने नऊ-दहा तास, रेल्वेने गुना–शिवपुरी मार्गे रात्रभर. म्हणजे विमानाने चार-पाच तास वाचतात, आठ नाही. रेल्वेत झोप लागणाऱ्या माणसाचा तर दिवस मोडतच नाही. ज्यांना गाडीत डोळ्याला डोळा लागत नाही, कंबर धरते किंवा सकाळी जाऊन रात्री परत यायचं आहे, त्यांनी विमान बघावं.

डिसेंबर-जानेवारीत जावं का? तानसेन समारोहाला जायचंय.

जा, पण सकाळचं विमान घेऊ नका. ग्वाल्हेरचं धुकं इंदूरकरांना कळत नाही. आपल्याकडे धुकं म्हणजे पितृपर्वताकडे सकाळी फिरायला गेल्यावर दिसणारी हलकी चादर. तिकडे ते भिंतीसारखं उभं राहतं. साध्या उपकरणांच्या साह्याने उतरायचं तर धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंत दिसावं लागतं. तेवढं दिसत नाही तोवर तिकडे विमान उतरू शकत नाही. मग ते इंदूरहून निघतच नाही, किंवा दुसरीकडेच नेऊन उतरवतात.

एका जानेवारीत मी परत येताना अडकलो होतो. दुपारचं विमान होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण जे विमान आम्हाला न्यायला यायचं, तेच सकाळपासून दुसऱ्या गावी खोळंबलेलं. काचेबाहेर दहा पावलांवरचा दिव्याचा खांब अर्धा दिसायचा, वरचा अर्धा गायब. शेजारच्या काकूंनी डबा उघडला, तिळाची गजक काढली आणि ओळख ना पाळख, सगळ्या रांगेला वाटली. दीडच्या सुमाराला खांबाचं डोकं दिसायला लागलं तेव्हा सगळे असे उठून उभे राहिले जणू काकड आरती सुरू झाली. विमान पावणेपाचला निघालं.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो: त्या दिवसांत तुमच्या विमानाची वेळ तर बघाच, पण तेच विमान त्याआधी कुठून येतंय तेही बघा.

उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर काय मिळतं?

आपण वेळेत पोचून चेक-इन केलेलं असेल आणि एवढ्या छोट्या पल्ल्याचं विमान दोन तासांपेक्षा जास्त लांबलं, तर खाणं-पिणं द्यायला हवं. मागा, लाजू नका. विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं.

वेळेत न कळवता कंपनीच्या चुकीने रद्द केलं तर वर भरपाईही असते, आणि ती ठरते ब्लॉक टाइमवर. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००; मात्र मूळ भाडं अधिक इंधन आकार ही रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. म्हणजे तिकिटावरचा तो सव्वा तास इथे उपयोगी पडतो, आपलं उड्डाण दुसऱ्या रांगेत बसतं. धुकं, वादळ अशा कारणांना भरपाई नाही. धुक्याचं नाव पुढे केलं गेलं आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर कारण लेखी मागा.

ग्वाल्हेर विमानतळावर फोटो काढले तर चालतात का?

धावपट्टीच्या बाजूला अजिबात नको. महाराजपूर हा हवाई दलाचा तळ आहे, मिराज २००० ही लढाऊ विमानं तिथली. प्रवाशांचं टर्मिनल त्या तळाच्या कडेला आहे, त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. इमारतीत हौस भागवून घ्या. विमानातून उतरताना मोबाइल खिशात, आणि खिडकीची झडप बंद करायला सांगितली तर बंद करायची. नातवाने मिराजचा आवाज ऐकून उड्या मारल्या तर ते चालतं. पुण्याच्या लोहगावलाही हाच कायदा.

सामान किती? ओटीचा नारळ नेता येईल का?

देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो खाली आणि ७ किलो हातात, तरी तिकिटावर बघून घ्या. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग त्यात बसत नाही, ती विमानाच्या दारात काढून घेतात आणि उतरल्यावर देतात. म्हणून औषधं, दागिने, किल्ल्या वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. आणि चढायचं ते मागच्या दाराने. मागच्या रांगेचं तिकीट मिळालं म्हणून हिरमुसू नका, तुम्हीच आधी बसाल आणि आधी उतराल.

आता नारळ. दरवेळी तपासणीच्या टेबलावर एक तरी काकू नारळावरून हुज्जत घालताना दिसते. अख्खा नारळ हातातल्या सामानात ठेवू नका, खालच्या बॅगेत द्या. सुकं खोबरं मात्र कुठेच नाही, हातात नाही आणि खालीही नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. ओटीत खोबऱ्याची वाटी घालायची असेल तर लष्करला दाल बाजारात मिळते. लोणच्याची बरणी हातात नको, खाली द्यायची असेल तर तीन पिशव्यांत बांधा. शेव खुशाल न्या, सुनेच्या माहेरी तिचीच वाट बघत असतात.

आजींना जिना चढवत नाही.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, निदान ४८ तास आधी तरी. एटीआरचा जिना पाच-सहा पायऱ्यांचाच असतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तोही नको होतो, म्हणून ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ हे स्पष्ट सांगा. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं तर खुर्ची जिन्यापर्यंत नेऊन सोडतात. आमच्या आत्याबाबत हेच झालं. चूक माझीच होती, मी अर्धवट सांगितलं होतं. आत्या जिन्यावर बसून, एकेक पायरी उलटी चढली आणि वर गेल्यावर म्हणाली, ‘गड चढले, आता तोफा उडवा.’

त्या दिवशी संकष्टी आहे. चंद्रोदय कुठला धरायचा?

जिथे ताट वाढणार तिथला. ग्वाल्हेर इंदूरच्या पूर्वेला सुमारे २.४ अंश आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नुसत्या रेखांशाने तिकडे चंद्र-सूर्य साधारण दहा मिनिटं आधी उगवतात. ऋतूप्रमाणे अक्षांशाचाही थोडा फरक पडतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. विमानातून चंद्र दिसला म्हणून उपास सोडायचा का, हे गुरुजींना विचारा.

इंदूरहून पुणे किंवा वडोदरा किती?

पुणे सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे ग्वाल्हेरपेक्षा थोडंसंच लांब. हे ऐकून पुण्याचे पाहुणे दचकतात. छोट्या गावांना स्वस्तात विमानसेवा देणारी सरकारची ‘उडान’ योजना आली तेव्हा तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवली होती. ती योजनेतल्या मार्गांवरच्या काही आसनांपुरती. प्रत्येक पाचशे किलोमीटरला अडीच हजार, असं समजून माझ्याशी वाद घालू नका.

वडोद्याला मुंबईवरून विमान बदलून गेलात तर ५०५ अधिक ३६० असे ८६५ किलोमीटर उडाल, २६८ किलोमीटरवर पोचायला. अवंतिका एक्स्प्रेस रतलामवरून सरळ वडोद्याला नेते. तिकीट तिचं काढा.

इंदूर–ग्वाल्हेर विमान हे नवीनच आहे ना?

नाही हो. विमानतळासाठी बिजासनजवळची जागा होळकर दरबाराने १९३५ मध्ये टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने निवडली. जुलै १९४८ मध्ये इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईला विमानसेवा सुरू झाली. म्हणजे ग्वाल्हेर पहिल्या यादीतच होतं. त्या काळी शिंद्यांच्या छोट्या रुळांच्या गाड्या ग्वाल्हेरहून शिवपुरी, भिंड, श्योपूरकडे धावत होत्या.

खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

जाताना सकाळचं विमान असेल तर डावी, उजवीकडून ऊन डोळ्यांवर येतं. संध्याकाळी सूर्यास्त बघायचा असेल तरीही डावीच. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं मोकळं दिसतं. फक्त पंख्याशेजारची आसनं टाळा, तिथे आवाज फार. किल्ला विमानतळाच्या अलीकडे, नैर्ऋत्येला आहे. उतरताना कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे, विमान कुठून वळतं त्यावर. हवा स्वच्छ असली तर शहराच्या मधोमध उठलेला तो लांबलचक पिवळसर खडक चुकत नाही. तो दिसला की सीटखाली सरकलेल्या चपला पायाने ओढून घ्यायच्या.